चौघांची जबानी

माझी बायको सुमन सगळ्यांना सांगते की मी लग्नाच्या पंगतीत जिलबीसुद्धा आधी उलटी करून बघतो. हे खोटं आहे. मी फक्त हातात धरून तिचं वजन बघतो. सगळी नोकरी कस्टम्समध्ये एक्झामिनर म्हणून काढल्यावर माणसाला एवढी सवय लागणारच.

एक्झामिनर म्हणजे कोण, हे बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. परदेशातून आलेला माल कागदावर लिहिलाय तोच आहे का, हे पेटी उघडून बघणारा माणूस म्हणजे एक्झामिनर. वरचे साहेब कागद बघत, आम्ही पेट्या बघत असू. न्हावा शेवाचं बंदर नवं नवं सुरू झालं तेव्हा मुंबईच्या गोदीतून माझी तिकडे बदली झाली आणि आम्ही पनवेलला बिऱ्हाड केलं. सकाळी ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत बंदरावर जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या सामानात हात घालायचा आणि संध्याकाळी ते हात साबणाने धुऊन घरी यायचं, असा तो धंदा.

यात कान फार लागतो. लोकांना वाटतं कस्टम्सवाल्याची नजर तीक्ष्ण असते. नजर कुणालाही फसवता येते हो! पण ट्रंकेच्या तळावर बोटाने टिचकी मारली की खरा तळ एक बोलतो आणि खोटा तळ दुसरंच बोलतो. जुन्या गोदीतल्या माझ्या वरिष्ठांनी मला एकच मंत्र दिला होता. वस्तूचं वजन, वस्तूचा आवाज आणि मालकाचा चेहरा या तिघांचं एकमेकांशी पटत नसेल, तर तिथे हात घाल. या मंत्राने मी जुनाट सोफ्याच्या नव्याकोऱ्या खिळ्यांमागून मनगटी घड्याळं काढली आहेत. याच मंत्राने मी एका आजीबाईंच्या लिंबाच्या लोणच्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि त्यात लोणच्याशिवाय काहीही निघालं नाही. त्या आजी वर मलाच विचारत होत्या, "मीठ बरोबर झालंय का रे?" माझ्या हाताची आग आग होत होती आणि मी मान डोलावत होतो. सांगायचा मुद्दा असा की मंत्र चुकतोही. पण जो एक्झामिनर चुकायला घाबरतो त्याने पोस्टात नोकरी करावी.

तर आता आपटेकरांची गोष्ट.

सॅम्युअल आपटेकर हे आपल्याच भागातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी ज्यू. घरात मराठी, जेवणात नारळ, आणि शनिवारी काम बंद. तरुणपणी ते नैरोबीला रेल्वेत कारकून म्हणून गेले, तिकडेच निवृत्त झाले आणि बायको, धाकटा भाऊ आणि मेहुणा यांना घेऊन कायमचे पनवेलला परत आले. त्यांचं घरसामान मागून बोटीने आलं. भांडी, पलंग, शिवणयंत्र, आणि काळ्या कातडी खोक्यांत चार वाद्यं. दोन व्हायोलिनं, एक त्यापेक्षा थोडं मोठं व्हायोलिन आणि एक माणसाएवढं धूड.

सामान शेडमध्ये उतरवताना बाळाराम नावाचा आमचा माथाडी थबकला. जवळच्याच गावचा, आयुष्यभर ओझी उचललेला माणूस. त्याने ते धूड खोक्यासकट खाली ठेवलं, पुन्हा थोडं कलतं केलं आणि मला हाक मारली.

"सायेब, इकडं या. याच्या पोटान काय तरी हाय. गडगडतंय बगा."

मी कान लावला. खरंच आत काहीतरी घरंगळत होतं. या टोकाकडून त्या टोकाकडे, टक् टक् टक्.

तो काळ चोरट्या सोन्याचा होता. बिस्किटं कशातून येतील याचा नेम नसे. मी आपटेकरांना बोलावलं. साठी ओलांडलेला सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, हातात टोपी. विचारलं, "आत काय आहे?"

"काडी आहे साहेब," ते म्हणाले. "हा चेलो आहे. त्याच्या पोटात एक लाकडी काडी उभी असते. प्रवासासाठी तारा सैल केल्या ना, म्हणून पडली."

"चिकटवलेली असेल ना पण?"

"नाही. चिकटवत नाहीत."

"खिळा?"

"खिळाही नाही. वरून तारांचा दाब असतो, त्या दाबाने उभी राहते. ती नसली तर आवाजच निघत नाही. युरोपातल्या काही भाषांत तिला वाद्याचा आत्मा म्हणतात."

आता तुम्हीच सांगा. बिनखिळ्याची, बिनडिंकाची, बंद पोटात आपोआप उभी राहणारी काडी, आणि तिचं नाव आत्मा! मी जन्मात इतकी सुरेख थाप ऐकली नव्हती. आमच्या साहेबांना आणखी एक गोष्ट खटकली होती. माणूस एक आणि व्हायोलिनं दोन, तीही सारखीच. म्हणजे एक विकायला आणलेलं. "चौघांचं मिळून एक वाद्य असतं, साहेब," असं काहीतरी आपटेकर समजावू लागले, तेव्हा साहेबांनी हात वर केला आणि मला म्हणाले, "सुताराला बोलवा. त्या मोठ्याचं पोट उघडा."

आपटेकरांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "उघडलं तर ते पुन्हा पहिल्यासारखं बोलेलच असं नाही. आम्ही चौघं उद्या येतो. काडी तुमच्या डोळ्यांदेखत उभी करतो आणि वाजवून दाखवतो. आत काही असेल तर तुम्हाला ऐकू येईलच की."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल, पण ते माझ्या वर्मी लागलं. माझ्या कानाची परीक्षा होती ती. मी साहेबांना म्हटलं, "एक दिवस द्या." साहेब म्हणाले, "उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सुताराला थांबवून ठेवा."

दुसऱ्या दिवशी चौघं आले. आपटेकर, त्यांचे भाऊ मोझेस, मेहुणे जोसेफ आणि आपटेकरांची बायको रिबकाबाई. गुडघे टेकून एस आकाराची एक सळई जोसेफनी चेलोच्या पोटावरच्या फटीतून आत सरकवली, आणि बराच वेळ जीभ दाताखाली धरून, खरोखरच एक बोटभर जाडीची काडी आत उभी केली. मी बॅटरी मारून बघितली. उभी होती. बाळाराम म्हणाला, "आयला! डिंक पन नाय!" मी मात्र लगेच विरघळलो नाही. काडी खरी निघाली म्हणून बाकी सगळं खरं असतं असं नाही. एक खरी गोष्ट पुढे करून चार खोट्या मागे दडवायच्या, ही जुनी रीत आहे.

पेट्यांच्या मधोमध चार खुर्च्या मांडल्या. आपटेकरांनी आधी थोडक्यात सांगितलं की दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाकडच्या सरदारांच्या दिवाणखान्यात हे असं चौघांचं वाजवणं रुजलं. त्यांना नैरोबीत एका म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवलं, ते मास्तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधी व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेले होते. मोठ्या वाद्यवृंदाचा दणका यात नाही. चार शहाणी माणसं बोलत बसली आहेत आणि आपण शेजारी बसून ऐकतोय, एवढंच. मला बोलणाऱ्यांचंच ऐकायची सवय, त्यामुळे मी पुढे सरसावून बसलो.

आपल्या गाण्यात गवई एक असतो आणि बाकीचे त्याच्या मागे असतात. इथे मालक कोण तेच कळेना. पहिल्या व्हायोलिनने, म्हणजे आपटेकरांनी, एक छोटीशी गोष्ट सांगितली. मोझेसच्या व्हायोलिनने खालच्या सुरात 'हो, हो' केलं. मला ते खटकलं. जबानीच्या वेळी जो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून मान डोलावतो तो पढवलेला साक्षीदार असतो. पण जरा वेळाने आपटेकर गप्प झाले आणि तीच गोष्ट मोझेसनी स्वतःच्या तोंडाने, जराशी वेगळी करून सांगितली, आणि आपटेकर त्याला 'हो, हो' करू लागले. साहेबांना नको असलेलं दुसरं व्हायोलिन ते हेच. मग एक दुसरीच गोष्ट निघाली, वेगळ्या पट्टीत, परक्या घरात बसून सांगितल्यासारखी. मग दोघांची जुंपली, चेलोने खालून दटावलं, सूर कुठल्या कुठे भरकटले. माझी खात्री झाली की आता यांची जबानी फुटणार. पण नाही. चौघं फिरून फिरून पहिल्याच गोष्टीवर आले, आणि जी दुसरी गोष्ट आधी परक्या घरात सांगितली होती ती आता पहिल्या गोष्टीच्याच घरात येऊन बसली. उलटतपासणी होऊनही साक्षीदार टिकले, असं समजा.

शेवटचा तुकडा तर खोडकर होता. एकदम जोरात संपला आणि बाळारामने टाळ्या वाजवल्या. तर चौघांनी गंभीर चेहऱ्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा संपला, साहेब टाळ्या वाजवायला निघाले, तर पुन्हा सुरू. मी मनात म्हटलं, खोटा तळ! हे रचणारा दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस ट्रंकेत नव्हे, सुरांत खोटा तळ घालून गेला होता. मला हसू आलं, आणि हसू आलं की मी आणखी सावध होतो.

चेलोचा आवाज खणखणीत होता. आत काही असतं तर तो असा बोललाच नसता. दोन्ही व्हायोलिनं स्वच्छ. पण मधलं ते थोडं मोठं व्हायोलिन, रिबकाबाईंच्या हातातलं, त्याचा आवाज मला सुरुवातीपासून छळत होता. दबका. नाकातला. तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा. तीन साक्षीदार स्वच्छ बोलतात आणि चौथा पुटपुटतो. चेलो पुढे करून खरा माल मध्ये लपवला होता तर!

मी उठलो. "बाई, ते इकडे द्या."

त्यांनी दिलं. मी पोटावर टिचकी मारली. व्हायोलिनपेक्षा बद्द आवाज. हातात तोललं. वाटलं होतं त्याहून जड. आणि बाईंचा चेहरा नको इतका शांत. मंत्रातल्या तिन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या. किंवा जुळून आल्या नाहीत म्हणा, म्हणजेच हात घालायची वेळ झाली.

"याचा आवाज असा का?" मी विचारलं.

"व्हिओलाचा असाच असतो," रिबकाबाई म्हणाल्या. "याचे सूर खालचे. त्या सुरांना पोट खरं तर मोठं हवं. पण तेवढं मोठं केलं तर खांद्यावर धरायचं कसं? म्हणून लहान ठेवतात. मग बिचाऱ्याचा आवाज थोडा आतच राहतो."

साहेब म्हणाले, "कालपासून प्रत्येक गोष्टीला यांच्याकडे उत्तर तयार आहे." सुतार पटाशी घेऊन पुढे आला. आपटेकर उभे राहिले. "साहेब, आमच्या मास्तरांनी मरताना तिला दिलंय ते. सोन्याचं असतं तर मीच तुमच्यापुढे फोडलं असतं." सुताराने पटाशीचं टोक व्हिओलाच्या कडेला टेकवून माझ्याकडे बघितलं. निर्णय माझा होता.

रिबकाबाई सुताराला म्हणाल्या, "उघडा. पण थोडं थांबा. आधी या तिघांना वाजवू दे. मघाचंच, मधलं संथ. माझ्याशिवाय."

मला यात डाव दिसला, पण तो कसला हे कळेना. मी सुताराला हात केला. तिघांनी सुरू केलं.

काय सांगू? मघाशी याच तुकड्याने शेडमधले लोक गप्प झाले होते. आता वरती दोन व्हायोलिनं उघडी पडून किरकिरत होती आणि चेलो तळाशी एकटाच काहीतरी बडबडत होता. कुणाचं कुणाशी बोलणंच होईना. मधला मजला काढून घेतलेल्या घरात माणसं वरच्या आणि तळमजल्यावरून एकमेकांना हाका मारतायत, असं वाटलं. थोड्या वेळाने आपटेकर स्वतःच थांबले. त्यांना पुढे वाजवणं सोसेना.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. लपवलेला माल नेहमी जास्तीचा असतो. तो काढून घेतला की वस्तू होती तशी होते. घड्याळं काढली तरी सोफा सोफाच राहतो. इथे उलटं होतं. तो पुटपुटणारा आवाज काढून घेतला आणि सगळी वस्तूच मोडली. म्हणजे तो आवाज माल नव्हता, तो वस्तूचाच भाग होता.

मी व्हिओला सुताराच्या हातातून घेतला आणि साहेबांना म्हटलं, "ठीक आहे, सोडा."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. माझ्या नोकरीत इतक्या ठामपणे बोललेलं हे सगळ्यात अर्धवट वाक्य. कारण मनातला वकील म्हणत होता, आवाज जरूर खरा आहे, पण म्हणून पोट रिकामं आहे हे कुठे सिद्ध झालं?

त्यामुळेच मी त्यांच्या घरी जायला लागलो. पहिल्यांदा 'सामान नीट पोचलं का' असं विचारायला गेलो. पनवेलच्या बाजारामागे एका जुन्या इमारतीत त्यांचं बिऱ्हाड होतं. शनिवारी ती मंडळी काहीच करत नसत, रविवारी सकाळी मात्र चौघं खुर्च्या ओढून बसत. मी भिंतीकडेच्या स्टुलावर, रिबकाबाईंच्या बाजूला बसे. पाण्याचा ग्लास घ्यायचा आणि कान व्हिओलाकडे लावायचा. जाड तारेवर आवाज जास्त दबतो का? ठरावीक सुराला आत काही थरथरतं का? पुढे पुढे रविवार चुकला की मला चैन पडेनासं झालं. सुमनला वेगळाच संशय आला. "दर रविवारी त्या बाईंकडे काय ठेवलंय?" मी म्हटलं, "तेच तर शोधतोय." पुढच्या रविवारी ती बरोबर आली, रिबकाबाईंच्या हातचा नारळाच्या दुधातला हलवा खाऊन आली आणि तिचा संशय फिटला. माझा फिटेना.

अशी वर्षं गेली. मोझेस आणि जोसेफ भांडत, समेट करत, वाजवत राहिले. आपटेकर थकले. मी त्यांच्या घरातला असल्यासारखा झालो, तरी माझं स्टूल तेच आणि कानही तिकडेच.

मग एका पावसाळ्यात पनवेलच्या दमट हवेने व्हिओलाचा डिंक सुटला. कडेला फट पडली, आवाज फाटला. मुंबईच्या कारागिराने सांगितलं की वरची फळी पूर्ण काढून पुन्हा चिकटवावी लागेल. दोन-चार दिवसांनी रिबकाबाईंचा फोन आला. "साहेब, व्हिओलाचं पोट उघडलंय. कारागिराला म्हटलं, चिकटवायच्या आधी घरी नेऊन आणते. या."

"कशाला उगाच? माझा तुमच्यावर विश्वास आहे," मी म्हटलं.

फोन ठेवून वळलो तर सुमन माझ्या पायांकडे बघत होती. बोलता बोलताच मी चपला घातल्या होत्या.

त्यांनी पलंगावर चादर पसरून त्यावर व्हिओला ठेवला होता. एका बाजूला फळी, दुसऱ्या बाजूला उघडं पोट. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी वाकलो. खिशातून बॅटरी काढली, लाज वाटली तरी काढली. कडेकडेने बोट फिरवलं. कोरं लाकूड, पटाशीचे बारीक व्रण, कोपऱ्यात धुळीचा एक गोळा. बाकी काही म्हणजे काहीही नव्हतं. मला वाटलं होतं आता हायसं वाटेल. पण तसं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याच्यामागे होतो ते संपलं होतं.

"झालं समाधान?" रिबकाबाईंनी विचारलं. त्या हसत नव्हत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या रविवारपासून. न कळायला मी काय लहान आहे?" त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "लग्नाआधीपासून वाजवते मी. ऐकायला येतात ते सगळे यांच्या व्हायोलिनकडे बघतात. उरलेले जोसेफच्या चेलोकडे. संपल्यावर मला विचारतात, बाई, तुम्ही नेमकं काय वाजवत होतात? माझ्याकडे कान लावून बसलेला माणूस मी एकच बघितला. संशयाने का होईना, पण माझा एक सूर तुम्ही कधी सोडला नाहीत. तुम्ही शेजारी असलात की मी नीट वाजवायचे." त्यांनी चादरीचं टोक ओढून त्या उघड्या पोटावर घातलं. "आता तुम्ही आत बघितलंत. रिकामं आहे. आता कोण ऐकणार?"

मी बॅटरी खिशात ठेवली, चादर बाजूला केली, व्हिओलाची सुटी फळी उचलली, कानाजवळ धरून टिचकी मारली आणि कपाळाला आठ्या घालून म्हटलं,

"रिबकाबाई, माझी अजून खात्री झालेली नाही. चिकटवून आणा. पुन्हा ऐकावं लागेल."